गच्चीवरचे बिबडे आणि आजोबांचा एसी

"मॅडम, गॅस कमी झालाय. भरून टाकतो," पंकज म्हणाला.

"दुपारी कमी होणारा गॅस रात्री परत येतो का?" मी विचारलं.

तो हसला. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकवत होते तेव्हा तो माझ्या वर्गात होता. आता नंदुरबारमध्ये त्याचं स्वतःचं दुकान आहे. मे महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तो आमच्याकडे दिवस मावळल्यावर येऊ शकला.

ईशान, ऋचा, तुमच्या आजोबांची बायपास झाली हे तुम्हाला फोनवर कळलं होतंच. सुरतच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, टाके कोरडे राहिले पाहिजेत, घाम येता कामा नये. नेमका आम्ही घरी आल्यापासून एसी बिघडला. सकाळी खोली छान गार. ऊन चढलं की वारा यायचा, गारवा नाही. मग गच्चीवरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचा, म्हणजे फार तापला की स्वतःहून बंद पडायचा. रात्री पुन्हा सगळं ठीक. आजोबा कुरकुर करत नव्हते, पण दुपारी त्यांच्या छातीवरची पट्टी हाताला ओलसर लागायची. जखम चिघळली तर पुन्हा सुरत, ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. नळ्यांमधला गॅस म्हणजे त्या उष्णतेचा हमाल. बंद नळ्यांत तो फिरत राहतो, वापरून संपत नाही. गळती असेल तर कमी होतो, पण मग रात्री आपोआप भरून येत नाही.

"फिल्टर?" पंकजने विचारलं.

"सकाळीच धुतला. व्होल्टेजही पाहिलं."

तो गच्चीवर जाऊन आला. "युनिट स्वच्छ आहे, पंखा फिरतोय. तुमचं बरोबर आहे मॅडम, हे दुपारीच पाहावं लागेल. उद्या येतो. तुम्ही त्या गुडघ्यांनी वर चढू नका."

"बरं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला आणि मला पंकजची वाट पाहवेना. कठडा धरत वर गेले.

युनिट दिसतच नव्हतं. त्याच्या भोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या. आत खाटांवर बिबडे वाळत होते, ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड, तुम्ही तिकडे मायक्रोवेव्हमध्ये भाजता तेच. साडी बाजूला करून हात घातला, तर भट्टी! युनिटने फेकलेली गरम हवा साड्यांवर आपटून मागून परत युनिटमध्येच जात होती. हमाल बिचारा ओझं घेऊन बाहेर येत होता, पण टाकायला जागाच नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या मालूबाई त्यांच्या गच्चीवरून मधली बुटकी भिंत ओलांडून आल्या. "ताई, उनमा कसाले उन्यात वर? पाय दुखतीन ना तुमना!"

"मालूबाई, हे काय मांडलंय?"

"बिबडा! तुमनी मशीन इतली गरम हवा फेकस, वाया कसाले जाऊ देवानी? साड्या धूळसाठे बांध्यात. संध्याकाळले समदं उचली लेस."

म्हणून पंकजला काही दिसलं नव्हतं. राग माझ्या तोंडापर्यंत आला होता.

"या आपला ईशान-ऋचासाठे शेतस," त्या म्हणाल्या. "औंदा तुमले वेळ कोठे व्हता?"

राग तिथेच थांबला. आम्ही सुरतला असताना घराची किल्ली यांच्याकडे होती. परतलो त्या दिवशी चुलीवरची मऊ खिचडी यांनीच आणून दिली होती. पण दुखणं लपवून बरं होत नाही. मी जे घडत होतं ते सरळ सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. भराभर साड्या सोडल्या आणि माझ्या आधी खाली जाऊन आजोबांच्या पलंगाशी उभ्या राहिल्या. "भाऊ, मन्हामुळे तुमले तरास झाया." डोळ्यांना पदर लावलेला.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे वहिनी, बिबडास्नासंगे माले बी वाळी टाकी ऱ्हायन्या व्हत्यात तुम्ही!"

मालूबाई रडता रडता हसल्या. आजोबाही हसले. टाके दुखू नयेत म्हणून हसताना छातीशी उशी धरावी लागायची, ती त्यांनी घट्ट धरली. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा असे हसत होते. मी खिडकीकडे तोंड केलं.

पंकज आला तेव्हा खोली गार होऊ लागली होती. त्याने युनिटची जाळी तरीही एकदा धुतली, प्रेशर पाहिलं. गॅस बरोबर होता. मालूबाईंनी खाटा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. आजोबांची पट्टी त्यानंतर कोरडी राहिली आणि जखम वेळेवर भरली.

तेव्हा एसी गार करत नसेल तर गॅस भरण्याआधी भर दुपारी गच्चीवर जाऊन या. तुमच्या पार्सलमध्ये काही बिबडे जरा जास्त कडक निघतील. ते आमच्या एसीवर वाळलेले आहेत. ते आधी खा, आणि मालूबाईंना फोन करा.