तपासणीच्या खोलीतल्या हसऱ्या मॅडम

आमच्या महाडच्या दवाखान्यात सगळ्यात मोठं हसणं ऐकू यायचं ते एचआयव्ही तपासणीच्या खोलीतून. तिथल्या समुपदेशक म्हणजे आमच्या ‘हसऱ्या मॅडम’. मी शेजारच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचो. बाहेर बाकावर तोंड लपवून बसलेला माणूस ते हसणं ऐकून चक्रावायचा, आणि जरा सैल होऊनच आत शिरायचा.

कागद हाती देण्याआधी मॅडम विचारायच्या, “आधी तुम्ही सांगा, निगेटिव्ह म्हणजे काय?” पोलादपूरचा एक ट्रक ड्रायव्हर रडवेला होऊन म्हणाला, “वाईटच ना, मॅडम?”

“अहो, हा काय नापासाचा शेरा हाय? लागण सापडली नाय, म्हणून निगेटिव्ह!”

गडी उड्या मारतच निघाला. मॅडमनी त्याला पुन्हा बसवलं. “घोळ कधीचा? गेल्या आठवड्यातला? मग इतक्यात रक्तात दिसणार कसं? तीन महिन्यांनी परत या. तोवर निरोध वापरा, आणि पेढे वाटू नका.”

फक्त एकदा मी त्यांना गंभीर पाहिलं. बिरवाडीला खोली घेऊन राहणारा, कारखान्यातला एक तरुण आला होता. लग्न ठरलेलं. पहिल्या चाचणीत लागण दिसली, तसा तो उठला. “लग्न मोडतो, मॅडम.”

“बस रे. एका चाचणीवर निकाल नाय ठरत. अजून दोन वेगळ्या करायच्या हायत.”

मी त्या केल्या. दोन्ही तेच म्हणाल्या. मॅडम खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, “गोळी रोज घे. विषाणू इतका दबतो की तपासणीत दिसत नाय. तसाच दबलेला राहिला, तर बायकोलापण लागण होत नाय. पण तिला तू स्वतः सांगायचं.”

काही दिवसांनी तो लग्न ठरलेल्या तुडीलच्या मुलीला घेऊनच आला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “हा गोळी विसरला तर?”

“तर तू कान पीळ गो!”

मुलगी हसता हसता रडली. त्याचा विषाणू दबल्यावर दोघांनी लग्न केलं.

पुढे मॅडमची बदली झाली. निरोपाच्या दिवशी दोघं सगळ्यांसमोर आली आणि मुलगी मॅडमच्या गळ्यातच पडली. नव्या डॉक्टरांनी कुतूहलानं विचारलं, “कोण हो ही दोघं, मॅडम?”

मॅडमनी डोळे पुसले. “माझ्या माहेरची माणसं,” तपासणीच्या खोलीचं नावही न काढता म्हणाल्या, आणि दोघांना चहा प्यायला घेऊन गेल्या.