एकोणीसवर अडकलेला आकडा

धामणगाव बढेला डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. कंपाउंडर दारात येऊन नंबर पुकारतो आणि टपरीवर पांगलेली माणसं धावत सुटतात. पुण्याची नोकरी घरून करणाऱ्या मला हे बघवेना. चालू नंबर प्रत्येकाच्या मोबाईलवर दिसेल असं वेबपेज मी फुकटात करून दिलं.

आकडा मोबाईलपर्यंत पोचवायचा कसा, एवढाच प्रश्न होता. मोबाईलने दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरला विचारायचं, हा साधा मार्ग. मी निवडलं वेबसॉकेट, म्हणजे एकदा जोडलेली लाइन दोन्ही बाजूंनी उघडीच ठेवायची. वास्तविक बोलायचं होतं फक्त दवाखान्याला, मोबाईलने नुसतं ऐकायचं होतं. पुण्यातला मित्र म्हणाला, एवढ्यासाठी हे नको, आणि घेतलंसच तर लाइन तुटल्याचं कळेल अशी सोय आधी कर. आमच्याकडे नेटवर्क येतं-जातं, आणि तुटलेली लाइन मोबाईलला बराच वेळ जिवंतच वाटते. मी त्याला मला शिकवू नकोस म्हणालो. शिंगं फुटली होती मला.

माझे वडील निवृत्त शिक्षक. त्यांचा डावा डोळा दुखायचा, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. त्यांना वाचता यावा म्हणून मी आकडा पडदाभर मोठा केला. त्यांचा नंबर तेवीस होता. ते दवाखान्यात गेले आणि मी घरी लॅपटॉपसमोर बसलो. सगळे मोबाईल जोडलेले दिसत होते, मी खुशीत होतो. दुपारी बाबा परतले. डॉक्टरांनी पाहिलं, काही नाही म्हणाले, असं सांगून ते जेवायला बसले.

पुढच्या महिन्यात दुखणं एवढं वाढलं की मीच त्यांना हाताला धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, मागच्या महिन्यात आला असता तर वाचली असती. आलो होतो की, मी चिडून म्हणालो. तेव्हा कंपाउंडरने मला बाजूला घेतलं. त्याने तेवीस नंबर दोनदा पुकारला होता, कोणी आलं नाही म्हणून पुढचा घेतला. डॉक्टरांची गाडी गेल्यावर त्याला गुरुजी समोरच्या लिंबाखाली मोबाईल बघत बसलेले दिसले. पोराले सांगू नको, म्हणाले होते.

मला तिथेच मरावंसं वाटलं. ते वेबसॉकेट मी त्याच दिवशी काढून टाकलं. आता मोबाईल दर अर्ध्या मिनिटाला विचारतो आणि उत्तर आलं नाही तर आकडाच पुसून टाकतो. तासाभराचं काम होतं. आता काय उपयोग त्याचा?

त्या दिवशी घरी येताना मी विचारलं, "बाबा, नंबर ऐकू नाही आला का तुम्हाले?"

"आला ना. दोनदा आला."

"मंग काऊन नाही उठले?"

"मोबाईलात तुहा आकडा एकोणीसच होता," बाबा म्हणाले. "मले वाटलं, कंपाउंडरच चुकला असंन."