लाल चोचीचा पाहुणा

दुर्बिणीच्या पट्ट्याला अजून सुक्या बोंबलांचा वास येतो. बाबांची नजर झपाट्याने जात होती, आणि ती जायच्या आत हिवाळ्यात पाचूबंदरच्या किनाऱ्यावर क्वचितच उतरणारा लाल चोचीचा कालवफोड्या पक्षी त्यांना बघायचा होता. रिक्षाने पोचलो, तर समोर भरती. बोंबील वाळत घालणारी बाई म्हणाली, "पानी उतरल्याशिवाय पाखरू नाय यायचं." ऊन कलत चाललं, पाणी काही हटेना, मी मनातल्या मनात समुद्राला शिव्या घालत होतो, त्याच्याच पाया पडत होतो. शेवटी चिखल उघडा पडला आणि तो खरंच आला. "बाबा, तो बघा!" त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "दिसला रे! काय लाल चोच आहे!" दुर्बिणीच्या पुढच्या काचांवरची झाकणं तशीच होती. ती मी अजूनही काढलेली नाहीत.