अळ्यांची राखण

माझ्या हातून मदत व्हायला लागली की घरचे धास्तावतात. का, ते ऐकाच.

आमच्या सूनबाईनं, शीतलनं, मागच्या अंगणात एका ड्रममध्ये अळ्या पाळल्यात. हसू नका! एका काळ्या माशीच्या अळ्या असतात त्या. केळीची सालं, भाजीची देठं, खरकटं, सगळं फस्त करतात. मागे उरतं ते खत, आणि पोसलेल्या अळ्या कोंबड्यांचा खुराक. बुऱ्हाणपुरात केळीच्या सालांना काय तोटा?

पहिला माल बघायला देडतलाईचा कोंबडीवाला येणार होता. पसंत पडला तर कायमचं गिऱ्हाईक. पोरगी नुसती हरखली होती. तेवढ्यात तिला माहेरी, चांदनीला जावं लागलं. जाताना म्हणाली, "बाबा, खायला टाकत जा. बाकी काही करू नका."

आता, काही न करणं मला जमतं का?

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, ड्रममधल्या फळीवरून अळ्या वर चढतायत आणि टपाटप बाहेर ठेवलेल्या पेटीत पडतायत! म्हटलं, पळाल्या! सुनेला काय तोंड दाखवू? चिमट्यानं एकेक उचलून परत आत सोडली. तरी चढतातच. खाणं आवडत नसेल म्हणून मावा जिलबी आणून घातली. तरी तेच! शेवटी फळीवर आडवी वीट ठेवली.

शीतल परतली, मागोमाग कोंबडीवाला. त्यानं पेटीत डोकावून विचारलं, "काहो काका, माल कुठी हाये?"

मी छाती फुगवून म्हटलं, "एक पळू दिली नाही!"

शीतलचा चेहरा पडला. "बाबा, त्या पळत नव्हत्या. पुरत्या वाढल्या की आपोआप चढून पेटीत पडतात. तोच तर माल."

काय वाटलं म्हणून सांगू! मुकाट्यानं वीट काढली. चहापाणी होईस्तोवर पेटीचा तळ दिसेनासा झाला. कोंबडीवाल्यानं मूठभर हातावर घेतल्या, म्हणाला, "लई पोसल्या हो!" आणि सौदा ठरवून टाकला. माझा जीव भांड्यात पडला.

पण आमची ही गप्प बसेल? म्हणाली, "शीतल, तुझा नवरा पस्तिशीचा झाला तरी एकटा इंदूरला का जात नाही, कळलं ना आता?"

मी रागानं आमच्या पोराकडे, विनूकडे पाहिलं. काय उत्तर द्यायचं, म्हणून तो माझ्याच तोंडाकडे बघत होता.