पॅनेलखालच्या अकरा टिकल्या

"तिलाच पाठवा की रोज. तिच्या अंगात लई अँटीबॉडी हायत, तिला काय होतंय!"

आमच्या लॅबमधले सीनियर टेक्निशियन, माने दादा, इनचार्ज मॅडमना सांगत होते. मी दाराबाहेर, हातात ट्यूबचा रॅक घेऊन उभी. आत जाऊन 'नको' म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मीही लॅब टेक्निशियन, मशीन दाखवतं तेवढंच मानणारी. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचतानाही मी कारणंच शोधत बसते. पण हा माझा स्वतःचा आहे...

सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं छोटं हॉस्पिटल. पहिली लाट ओसरत होती, लस आली नव्हती. कोणाला नकळत कोरोना होऊन गेलाय हे बघायला सगळ्या स्टाफची अँटीबॉडी टेस्ट केली. मला साधी सर्दीही झाली नव्हती, तरी माझा आकडा सगळ्यांत जास्त. आणि सफाईच्या नरसव्वा मावशी, ज्या अकरा दिवस आमच्याच वॉर्डात ऑक्सिजनवर होत्या — त्या निगेटिव्ह!

झालं. कोविड वॉर्डात रक्त घ्यायला रोज मीच. पप्पांना दमा, त्यामुळे घरी जाणं बंद. हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत राहायचं. पप्पा गेटबाहेर डबा ठेवून लांबूनच हात हलवायचे. सकाळी किट, मास्कवर मास्क, गॉगलवर वाफ... आणि आत. कधीपर्यंत, ते कोणी सांगत नव्हतं. मीही विचारत नव्हते.

मी नवीन होते, त्या वॉर्डात आधी कधीच गेले नव्हते. पहिल्या दिवशी तीन नंबरच्या कॉटजवळ पोचले आणि मला आठवलं — हो, आठवलंच — की डोक्याच्या वर ऑक्सिजनचं पॅनेल आहे, त्याच्या खालच्या बाजूला टिकल्या चिकटवल्यात. मरून. एका ओळीत. शेवटची जरा बाजूला सरकलेली. उभ्या माणसाला ती बाजू दिसत नाही. मी वाकले, मान वळवून वर पाहिलं.

"काय हुडकताय बाई?" कॉटवरचे आजोबा म्हणाले. "शीर हितं हाय, माझ्या हातात."

मोजल्या. अकरा. शेवटची सरकलेली.

दुपारी मावशींना गाठून टिकल्यांचं विचारलं. त्या नळावर बादली भरत होत्या.

"तीन नंबरवर पडल्या पडल्या रोज पाकिटातली एक काढून वर लावत होते गं. कपाळाला लावायची तर आरशापर्यंत जायला दम कुटं होता?" हसता हसता त्या थांबल्या. "पण तुला कोण सांगितलं? मी कुणालाच बोलले न्हाय."

मग मला माझी चूक आठवली. गर्दी असली की मी रक्त घ्यायच्या आधीच ट्यूबवर लेबलं लावून ठेवते. तसं करायचं नसतं. अँटीबॉडी टेस्टच्या दिवशी माझी आणि मावशींची ट्यूब शेजारी होती. म्हणजे अदलाबदल! सुटल्यासारखं वाटलं... आणि लगेच पुढचं सुचलं. मग अँटीबॉडी मावशींच्या ठरतील, आणि वॉर्डातल्या सफाईला रोज त्यांनाच आत पाठवतील.

मी गुपचूप दोघींचं रक्त पुन्हा घेतलं. एकेकीचं, लेबल नंतर.

"अय्यो, अजून किती काढतीस? भाजीत घालतीस का?" मावशी म्हणाल्या.

रिझल्ट तोच. माझा जास्त, त्या निगेटिव्ह.

डॉक्टर म्हणाले, काहींना नकळत होऊन जातो, काहींच्या अंगात अँटीबॉडी टिकत नाहीत. मान्य. पण टिकल्या?

त्यानंतर रोज तीन नंबरजवळ गेलं की दार खूप लांब वाटायचं, कॉटवर पडलेल्याला वाटेल तसं. एका सकाळी ती कॉट रिकामी होती. भानावर आले तेव्हा मी पूर्ण किटमध्ये तिच्यावर आडवी पडले होते आणि वर टिकल्या मोजत होते. उठताच येईना. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर अठ्ठ्याण्णव, आणि श्वास मात्र पुरत नव्हता. शेवटी सिस्टरनी दोन्ही हातांना धरून उठवलं.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. माझ्या रक्तात काय होतं तेही नाही.

किट उतरवलं, आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. माने दादा तिथेच होते. मॅडमनी मान वर करेपर्यंत मी थांबले नाही.

"पाळ्या लावा, मॅडम. उद्या मी आत जाणार नाही. आणि नरसव्वा मावशींनाही पाठवायचं नाही."