पत्रिकेच्या दुकानात लिनक्स

कर्नाटकात बिदरकडे चिटगुप्पा आहे, तिथल्या बाजारात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आमच्या भागात नवरा मराठी घरातला आणि नवरी कन्नड घरातली, किंवा त्याच्या उलट, हे रोजचंच. त्यामुळे पत्रिका दोन्ही भाषांत लागते. दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर मीच लावायचो, पण कन्नड बाजू तपासायची ती माझी बायको. तिचं माहेर आळंदकडचं, शाळा कन्नड; मराठी लिहायला-वाचायला ती लग्नानंतर शिकली. मी कन्नड बोलतो फर्डं, लिहिताना मात्र हमखास घोळ घालतो. ती प्रुफावर लाल पेनाने खुणा करायची, मी तोंड वाकडं करून दुरुस्त करायचो. अशी वीस वर्षं गेली. तेवढ्या काळात तिने कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलं नाही. सगळं इंग्रजीत असतं, म्हणायची. मीही कधी आग्रह केला नाही. आपल्या जागेवर कुणी बसू नये असंच मला वाटायचं, आता कबूल करायला हरकत नाही.

मग माझे डोळे बिघडले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि पुढे बरेच महिने पडद्यासमोर बसायचं नाही म्हणून बजावलं. माणूस ठेवावा तर दोन्ही भाषा शुद्ध लिहिणारा मिळेना. दुकान बंद करायचं मी मनात ठरवून टाकलं, आणि ठरवल्या दिवसापासून मला जेवण जाईना. त्यात कॉम्प्युटरही रडतखडत चालायला लागला. त्याच्या सिस्टिमची नवी आवृत्ती त्या जुन्या यंत्राला झेपणारी नव्हती.

कडगंचीच्या विद्यापीठात शिकवणारे एक सर बहिणीच्या लग्नाची पत्रिका घ्यायला आले होते. माझी चिडचिड ऐकून म्हणाले, "अण्णा, मशीन चांगली हाय. ती जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकून बघा की."

"केवढ्याला?"

"फुकट."

फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नाही. पण नाहीतरी ते यंत्र भंगारातच जाणार होतं. पुढच्या रविवारी सर पेन ड्राइव्ह घेऊन आले, आधी माझ्या सगळ्या फाइली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्या आणि कामाला लागले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळतील, असं मला वाटलं होतं. आला तो एक शांत, स्वच्छ पडदा, आणि त्यावर पहिलाच प्रश्न, भाषा कोणती? यादीत मराठी होती, कन्नड होती, तेलुगूही होती. मी बायकोला चिडवायला म्हणून कन्नडवर टिचकी मारली. "घे, तुझ्या माहेरचं."

सगळा पडदा कन्नडमध्ये झाला. ती पत्रिकांना घड्या घालत होती. उठून माझ्या खुर्चीमागे आली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागली. इतकी खूश झालेली मी तिला फार दिवसांनी पाहत होतो.

आमच्या घरात नवी वस्तू घरच्या लक्ष्मीच्या हाताने सुरू करायची रीत आहे. पासवर्डची वेळ आली तेव्हा म्हटलं, तूच टाक. तिने माहेरच्या गावाचं नाव एकेक बटण शोधत टाकलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. सर चहा पिऊन गेले. संध्याकाळी मी फार हुशारी दाखवत कीबोर्ड मराठीवर आणून ठेवला आणि यंत्र बंद केलं.

सोमवारी पासवर्ड लागेना. ते गाव मी मोठ्या अक्षरांत टाकलं, लहान अक्षरांत टाकलं, दोन-तीन तऱ्हांनी टाकलं. सरांचा फोन लागेना. मंगळवारीही तेच. दोन गिऱ्हाइकं परत गेली आणि माझं डोकं फिरलं. नको ते बोलून बसलो, "तुझा हात लागला आन् बंद पडलं बघ."

तिने हातातलं काम खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका जरा." बटणाला हात न लावता ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

"परवा त्या कोपऱ्यात आमचा 'क' हुता. आज न्हाई."

"कुठला क?"

"कन्नडचा. आमचं अक्षर हुतं म्हणून ध्यानात ऱ्हायलं. तुम्ही काय केलाव त्याला?"

मी काय केलं होतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिने बटणं दाबली तेव्हा कीबोर्ड कन्नड होता. ठिपक्यांखाली कन्नड अक्षरं उमटली होती, आणि मी दोन दिवस तीच बटणं मराठीत बडवत होतो. तिने कोपऱ्यावर टिचकी मारली, यादीतून कन्नड निवडलं, पुन्हा एकेक बटण शोधत गाव लिहिलं. पडदा उघडला. माझी चूक होती, असं मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मला जड गेलं.

"आता उठू नको," मी म्हटलं. "तूच बस."

पुढे ती ज्या वेगाने शिकली, त्याचं मला आजही नवल वाटतं. लिनक्सचं तर त्याहून जास्त. काही बिघडलं की ते काय बिघडलं हे कन्नडमध्ये सांगायचं, आणि समजलेल्या गोष्टीला ती कधीच घाबरत नाही. यंत्र तर असं पळायला लागलं की माझा विश्वास बसेना. जगात कुठेतरी बसलेल्या, आमचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी चिटगुप्प्यातल्या बाईसाठी एकेक शब्द कन्नडमध्ये करून ठेवला होता, आणि त्यासाठी कुणी तिच्याकडे काही मागितलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. सगळंच गोड होतं असंही नाही. जुन्या फाइलींमध्ये अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायला लागली, कारण जुने फाँट इथे चालेनात. नेहमी लागणारे मजकूर तिने नव्याने टाइप केले. करताना माझ्या वीस वर्षांच्या कन्नडमधल्या चुका एकेक करून मला वाचून दाखवल्या.

माझं ऑपरेशन झालं. दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही.

शेवटच्या तपासणीला मी बिदरला गेलो. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, उद्यापासून खुशाल कॉम्प्युटरवर बसा. परतीच्या बसमध्ये मी उद्याच्या कामाचे मनातल्या मनात बेत करत आलो. दुकानात आलो तर समोर चार गिऱ्हाइकं बसलेली. ती फोन खांद्याने कानाशी धरून कुणाला तरी सांगत होती, पत्रिका माझ्याकडेच द्या, दोन्ही बाजू मीच लावते. उजवा हात माउसवर होता.

फोन ठेवून तिने विचारलं, "काय म्हनले डॉक्टर?"

"आणखी सहा महिने बसू नका म्हणाले."

"व्हय? मग बसा तिकडं निवांत," ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली. हे खोटं बोलून मला इतकं बरं वाटलं, की मी सगळ्यांसाठी चहा सांगितला.