दाजींच्या ताकदीची गळती

आमच्या दाजींइतक्या काटकसरीने हातपाय हलवणारा माणूस सबंध परळमध्ये दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजसाठी मी तालुक्याच्या गावाहून आलो तेव्हा त्यांनी आपल्या दीड खोलीत मला जागा दिली, आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्यांच्या चाळीत तयार झाला. त्यामुळे त्यांच्याविषयी जे लिहीन ते कृतज्ञतेनेच लिहीन. पन्नाशीला टेकल्यावर दाजींनी ट्रायथलॉनचं मनावर घेतलं. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं, आणि हे सगळं एका दिवसात, ठरलेल्या वेळेच्या आत. पहिल्या वर्षी त्यांची वेळ थोडक्यात हुकली. ताई म्हणाली, "अजून एकदा जा. नाही जमलं तर ती सायकल गॅलरीतून हलवायची. मला पापड वाळवायला जागा नाही."

दाजींनी विचार करून निदान काढलं. "ताकद कमी पडत नाही रे, ती गळते. जुन्या नळासारखी." तेव्हापासून ते गळती शोधू लागले. पोहताना कोपर उंच राहावं म्हणून गॅलरीत बाकड्यावर पालथे पडून हवेत हात मारत. पुढे सवय इतकी जडली की आमटीभाताचा घासही कोपर उंच धरूनच तोंडात जाई, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सरकून बसावं लागे. सायकलवर वारा आडवा येऊ नये म्हणून वाकायचं, तर ते ऑफिसच्या खुर्चीतही तसेच वाकून बसत. साहेबांनी दोनदा विचारलं, "पोटात दुखतंय का?" धावताना डोकं वरखाली होणं म्हणजे तर निव्वळ नासाडी. म्हणून दाजी चाळीच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडून धावत, आणि भिंतीवरून त्यांचं टक्कल सरळ रेषेत जातंय का ते ताई गॅलरीतून बघे. "भाजी करपली," ती ओरडे, "पण टक्कल सरळ आहे!"

सगळ्यात मोठी गळती मात्र तोंडातून होती. परळपासून शिवाजी पार्कापर्यंत दाजींना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि "काय दाजी, कुठे?" असं कोणी विचारल्यावर न थांबता पुढे जाणं त्यांच्या रक्तात नाही. एका रविवारी ते दुकानोदुकानी हात जोडून आले, की धावताना मला हाक मारू नका. प्रत्येकाला कारण सांगावं लागलं, त्यामुळे त्या दिवशीचा सराव बुडाला. नाक्यावरची कोळीण मावशी म्हणाली, "मेल्या, बोलून दमतोस? मी सकाळपासून ओरडते, मी दमले काय?" पण लोकांनी शब्द पाळला. दाजी दिसले की इस्त्रीवाला इस्त्रीकडे बघे आणि मावशी पदर तोंडात धरून पापलेटांकडे. दाजींची वेळ खरंच सुधारली.

स्पर्धा लांबच्या एका किनाऱ्यावर होती. वाटेत त्यांना खायला लागणारी केळी धरायला मी गेलो होतो. दाजी सुरेख पोहले, सायकलही सुरेख मारली; एक थेंब गळला नाही. मग भर उन्हात, अनोळखी मोकळ्या रस्त्यावर धावताना ते मंदावले. डोकं सरळ रेषेत होतं, पाय उचलत नव्हते. मी दाजींच्याच नियमाप्रमाणे तोंड मिटून उभा. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"अरे, काहीतरी विचार की."

तोंडाला आलं तेच मी विचारलं, "काय दाजी, कुठे?"

"इथेच, जरा पुढे," ते म्हणाले, आणि खरोखर पळत सुटले. सोबत धावायला मनाई होती, म्हणून मी जागेवरूनच ओरडत राहिलो, "पाणी आलं का? ताई बरी आहे ना?" आवाज पोहोचत होता तोवर त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. त्यापुढचा रस्ता मुका होता.

वेळ संपली. दाजी पोहोचले तेव्हा स्पर्धेची कमान उतरवणं चाललं होतं. दोर सोडणाऱ्या माणसाने सहज विचारलं, "काका, कुठून आलात?" दाजी त्याच्या शेजारी वाळूत बसले आणि परळपासून सुरुवात करून सगळं सांगू लागले, दोन्ही हात मोकळे हलवत. आमच्या गाडीची वेळ होत आली होती. माझ्या खिशातल्या मोबाइलवर ताईचा फोन येत होता. मी केळी धरून उभा राहिलो.